पाटावरची खाच

गौरी-गणपती उरकले की नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात पाय ठेवायला जागा उरत नाही. श्रावण पाळलेली घरं एकदम बाजारात उतरतात. सीवूड्स, नेरूळ, खारघर, कुठून कुठून माणसं येतात. मी चौदा वर्षं एकाच मावशींकडे मासळी घेते. त्या इथल्याच, दिवाळे कोळीवाड्यातल्या. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला बाय म्हणतात.

त्या रविवारी त्यांच्या पाटीत पापलेटं होती. पुढच्या बाजूला चार मोठी, डोळे काचेसारखे, कल्ला उचलला तर आत लालभडक. मागे, बर्फाच्या आडोशाला, एक वाटा वेगळा मांडलेला. दहा-बारा नग. मी त्यातलं एक उचलून तळहातावर आडवं ठेवलं. माझ्या मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या पहिल्या रेघेपर्यंत सतरा सेंटिमीटर भरतात, नोकरीमुळे हे माप पाठ आहे. शेपूट बोटाच्या टोकाला लावली तर माशाचं तोंड तळव्याच्या मध्यावरच थांबलं. अकरा, फार तर साडेअकरा.

"मावशी, हे?"

त्यांनी वर पाहिलं नाही. कोयत्याला चिकटलेले खवले पुसत म्हणाल्या, "लेकरं हायत ती. मला काय कळत नाय?"

"मग आणलीत कशाला?"

"मी आनली? धक्क्यावर खोका घेतला, बाय. वर मोठी मांडलेली, खाली ही. बोली झाल्यावर कळतं. आता परत कोनाला देऊ?"

मी ते पापलेट परत ठेवलं. मोठ्यांपैकी दोन घेतली. पण मावशींचं ते वाक्य पिशवीतून घरी आलं आणि आठवडाभर घरातून गेलं नाही.

राज्य सरकारने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ५४ जातींच्या मासळीचे किमान आकार ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर. त्याहून लहान पकडायचा नाही. नियम चांगला आहे, मनापासून चांगला आहे. पण पाटीतला तो वाटा बघा. तो जाळ्यात आला तेव्हा तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, पाहिला असेल. खलाशांनी तो बर्फात भरला. बंदराला लागल्यावर दलालाने खोका लावला, वर मोठे मासे मांडले. टेम्पो आला, दिवाळ्यापर्यंत पोचला. इतक्या हातांमधून मासा गेला आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. पहिला प्रश्न विचारला गेला तो शेवटच्या बाईला. जिच्या हातात काहीच उरलेलं नव्हतं तिला.

शाश्वत मासेमारीचं, म्हणजे समुद्र रिकामा न करता मासळी धरल्याचं, प्रमाणपत्र हा शब्द ऐकला की लोकांना डब्यावरचा निळा शिक्का आठवतो, आणि परदेशातली महाग दुकानं. मला हा वाटा आठवतो. कारण माझ्या समजुतीप्रमाणे त्या प्रमाणपत्राचा पहिला फायदा हाच, की प्रश्न मावशींच्या पाटीशी न अडकता मागे मागे जातो. दलालाकडे, होडीकडे, जाळ्याकडे, आणि शेवटी समुद्राकडे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. तळोजा एमआयडीसीत मासळी निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात मी अकरा वर्षं गुणवत्ता तपासणीत होते. पायात गमबूट, डोक्यावर जाळीची टोपी, हात कायम गार. माझं काम होतं माल ताजा आहे का, तापमान बरोबर आहे का, जंतू किती, वजन किती, हे पाहणं. एकदा युरोपातून एक खरेदीदार आला. माकुलाची, म्हणजे स्क्विडची, मोठी ऑर्डर द्यायच्या विचारात होता. शांत माणूस, भाव फारसा केला नाही. त्याने विचारलं, हे माकुल कुठल्या जाळ्याने धरलं?

मी कागद पुढे केले. २०१० पासून युरोपात समुद्रातली मासळी पाठवायची तर सोबत पकड प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे एमपेडा, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण, ते तपासून देतं. होडीचा नोंदणी क्रमांक, कुठे धरलं, कधी उतरवलं. मासळी चोरून धरलेली नाही, एवढं तो कागद सांगतो. त्याने तो नीट वाचला, परत दिला, आणि म्हणाला, ही मासळी कायदेशीर आहे हे कळलं. पण तुम्ही एवढी धरल्यावर समुद्रात किती उरली?

मला उत्तर देता आलं नाही. माझ्या वरिष्ठांनाही देता आलं नाही. मालात दोष काढायला जागा नव्हती, तरी ऑर्डर दुसरीकडे गेली. ज्या ठिकाणी त्या प्रश्नाला उत्तर होतं त्या ठिकाणी गेली. तेव्हा मला राग आला होता. आमचा माल स्वच्छ, आमच्या बायका सकाळी सहापासून उभ्या राहून माकुल साफ करतात, आणि हा माणूस समुद्राची विचारपूस करतो! पुढे कित्येक महिने मी त्या प्रश्नावर वाचत राहिले, तेव्हा राग गेला. प्रश्न बरोबर होता.

कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड नावाचा प्रदेश आहे. तिथल्या उथळ समुद्रात कॉड मासा इतका, की जवळजवळ पाचशे वर्षं जगभरच्या होड्या तिथे जाऊन भरून येत. मग मोठी यांत्रिक जहाजं आली. कितीही काढलं तरी संपत नाही, ही समजूत मात्र जुनीच राहिली. २ जुलै १९९२ रोजी सरकारला ती मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० माणसांचं काम गेलं. तात्पुरती म्हणून केलेली बंदी उठायला २०२४ साल उजाडलं. बत्तीस वर्षं. म्हणजे तेव्हा तांडेल असलेल्या बापाचा मुलगा म्हातारपणाकडे झुकला तरी होडी किनाऱ्यावरच. कोळीवाड्यात राहणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगून पाहा, चेहरा उतरतो. तिथली भाषा वेगळी, थंडी वेगळी, पण किनाऱ्याला पालथी पडलेली होडी सगळीकडे सारखीच दिसते.

त्या धक्क्यातून, १९९६-९७ च्या सुमाराला, मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल ही संस्था उभी राहिली. निसर्गरक्षणाचं काम करणारी डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि मासळीची प्रचंड खरेदी करणारी युनिलिव्हर, अशा दोघांनी मिळून ती सुरू केली. खरेदीदाराला कळलं होतं की समुद्र रिकामा झाला तर आपलंही दुकान बंद. संस्थेने तीन गोष्टी पाहायच्या ठरवल्या. माशांचा साठा पुरेसा आहे का. मासेमारीमुळे बाकीच्या समुद्राचं, म्हणजे कासवं, पक्षी, तळ, इतर मासे यांचं नुकसान किती. आणि नियम आहेत का, ते पाळले जातात का. या तिन्हींखाली मिळून दोन डझनांहून जास्त मुद्दे असतात, प्रत्येकाला शंभरपैकी गुण. एकाही मुद्द्यात साठच्या खाली गेलात तर नापास. साठ ते ऐंशीच्या मध्ये असाल तर ठरलेल्या मुदतीत सुधारणा करून दाखवायची. गुण देणारे लोक बाहेरचे, स्वतंत्र असतात. पाच वर्षांची मुदत, आणि दर वर्षी तपासणी.

पण हे सगळं मला कागदावरचं वाटत होतं. पटलं ते तिसऱ्या नावाच्या शिंपल्यांमुळे.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाची मोठी खाजण-खाडी आहे. तिथे मिळणारी शिंपली म्हणजे आपल्या तिसऱ्यांची सख्खी बहीण. १९८० च्या सुमारास व्हिएतनाम, थायलंड, मलेशियाकडून तिला मागणी आली. लोक काढत सुटले. १९९१ मध्ये काढणी वर्षाला १०,००० टनांवर गेली, आणि १९९३ पर्यंत निम्म्यावर घसरली. कॉडची गोष्ट लहान रूपात पुन्हा घडायला लागली होती. पण इथे माणसं वेळेवर थांबली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि शिंपल्या काढणाऱ्यांनी तो मानला. शिंपल्यांची वीण असते त्या डिसेंबर ते फेब्रुवारीत काम बंद. जाळीचा आस ठरलेला, म्हणजे बारीक शिंपली खाली निसटून जाईल एवढा. आणि निर्यातीच्या मालात एक किलो गरात १४०० पेक्षा जास्त नग भरता कामा नयेत. जास्त भरले याचा अर्थ शिंपल्या लहान आहेत.

या साध्या नियमांनी काढणी पुन्हा दहा हजार टनांच्या आसपास आली आणि टिकली. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अष्टमुडीला ते प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं पहिलं. मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? पहिलं प्रमाणपत्र एखाद्या मोठ्या ट्रॉलरवाल्या कंपनीला नाही मिळालं. चिखलात उतरून, पायाने चाचपून, हाताने आणि छोट्या जाळीने शिंपल्या काढणाऱ्या सुमारे तीन हजार माणसांच्या पोटापाण्याला मिळालं.

हे वाचलं त्या आठवड्यात मी मावशींकडून तिसऱ्यांचे दोन वाटे आणले. धुतल्या, पातेल्यात थोडं पाणी घालून झाकण ठेवलं. शिंपा उघडल्या, गर काढला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर पन्नास ग्रॅम मोजून घेतला आणि ताटात एकेक नग बाजूला सारत मोजायला बसले. अष्टमुडीच्या हिशोबाने पन्नास ग्रॅमला सत्तर नग चालले असते. जात तंतोतंत तीच नसेल, त्यामुळे हा हिशोब काटेकोर नव्हे, हे मला माहीत आहे. तरी मोजत गेले. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. ताटात अजून उरले होते. एकतीस. शेवटचे काही तर भाताच्या शितापेक्षा थोडे मोठे. मुलगी येऊन उभी राहिली, म्हणाली, आई, काय करतेस? मी म्हटलं, बघ, ह्यांना अजून सहा महिने दिले असते तर याच पन्नास ग्रॅमला चाळीस भरल्या असत्या, आणि त्याआधी त्यांनी अंडी घातली असती.

त्या दिवशीचं सुकं चांगलं झालं होतं. मला जेववेना.

मोजणं. मला वाटतं, या साऱ्या खटाटोपाचं मर्म मोजण्यात आहे. भाव चांगला मिळतो, परदेशी बाजार उघडतो, हे फायदे खरेच आहेत आणि कोळी माणसाला ते मिळालेच पाहिजेत. पण त्याच्याआधी कुणीतरी बसून मोजतं, दर वर्षी मोजतं, आणि ते आकडे उघड्यावर ठेवतं. प्रमाणपत्र मागितल्याशिवाय हे मोजायला पैसा येत नाही, माणूस येत नाही. आणि एकदा मोजलं की लपवता येत नाही.

म्हणूनच प्रमाणपत्र काढून घेतलं जातं तेव्हा माझा त्याच्यावरचा विश्वास वाढतो. उत्तर समुद्रातल्या कॉडला २०१७ मध्ये ते मिळालं, साठा पुन्हा घसरल्याचं दिसताच २०१९ मध्ये थांबवलं. त्याच वर्षी ईशान्य अटलांटिकमधल्या बांगड्याच्या जातीच्या मॅकरेलचंही थांबवलं, कारण साठा खाली जात होता आणि कुणी किती धरायचं यावर देशांचं एकमत होईना. मोठमोठ्या देशांच्या मोठमोठ्या होड्या होत्या या. त्यांनाही नाही म्हटलं गेलं.

आणि जाळ्यात जे अडकायला नको तेही यात मोजलं जातं. दक्षिण आफ्रिकेत हेक माशाच्या मासेमारीला २००४ मध्ये प्रमाणपत्र मिळालं. तिथे होड्यांच्या मागे अल्बट्रॉस पक्षी येत आणि जाळ्याच्या तारांना आपटून मरत. अट घातली गेली, की यावर उपाय करा. होडीच्या मागे रंगीत फिती लावलेल्या दोऱ्या सोडायला सुरुवात झाली. फितींना बिचकून पक्षी लांब राहू लागले, आणि अल्बट्रॉसचे मृत्यू ९९ टक्क्यांनी घटले. दोरी आणि फिती! एवढ्यावर होणारं काम कुणी विचारेपर्यंत होत नव्हतं.

आपल्याकडे तर न विचारल्याची किंमत आपण रोख मोजतोय. होडीमागे ओढत न्यायच्या ट्रॉल जाळ्यात कासवं अडकू नयेत म्हणून जाळ्यात एक लोखंडी जाळीची चौकट बसवतात. कोळंबी मागे खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या पिशवीसारख्या टोकात जाते, कासव चौकटीला अडून वरच्या झडपेतून सुटतं. ती चौकट आपल्या होड्यांवर नाही म्हणून २०१९ पासून अमेरिका भारताच्या समुद्रातली कोळंबी घेत नाही. तळ्यात वाढवलेली घेते, समुद्रातली नाही. तळोज्याला असताना मी ती कोळंबी हातात धरलेली आहे. तिच्यात उणं काही नव्हतं.

आता ठाण्याच्या खाडीकडे वळते, कारण माझा जीव तिथे अडकलेला आहे.

ठाण्यापासून खाली समुद्राकडे जाणारी ही खाडी. २०१५ मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ च्या ऑगस्टमध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचं नाव गेलं. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून होडीने फ्लेमिंगो दाखवतात. मी तीनदा जाऊन आले आहे. गुलाबी पट्टा उडतो तेव्हा सगळी होडी गप्प होते. अभ्यासक त्या पक्ष्यांची मोजणी करतात, ती वर्तमानपत्रात छापून येते. मला त्याचा आनंदच आहे. पण त्याच चिखलात निवट्या आहेत, बोय आहेत, चिंबोऱ्या आहेत, कधीकाळी भरपूर असलेला जिताडा आहे. ठाण्याच्या चेंदणीपासून सारसोळेपर्यंत, करावे, दिवाळ्यापर्यंत, किती कोळीवाडे त्यांच्यावर जगले. या मासळीचा आकडा अशाच हौसेने छापून यावा, असं मला फार वाटतं.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला खरा वाटतो. ही तपासणी महाग आहे. वर्ष-दीड वर्ष चालते, फी मासेमारांनीच भरायची असते. म्हणूनच जगातली बहुतेक प्रमाणपत्रं श्रीमंत देशांतल्या मोठ्या मासेमारीकडे आहेत. आपल्या डोल जाळ्यात एका ओढीला बोंबील, जवळा, मांदेली, करली, कोळंबी सगळं एकत्र येतं. त्यातल्या कशाकशाचा साठा मोजणार? शिवाय खाडीतली मासळी घटली ती निव्वळ जाळ्यांनी नाही. कारखान्यांचं पाणी, शहराचं सांडपाणी, भराव, पूल. मावशी म्हणतात, "आमी जाळं उचलून ठेवू गं, पन त्या नाल्याला कोन सांगल?" या वाक्यापुढे मी गप्प झाले होते.

तरीही मला वाटतं, की त्या नाल्याला सांगायचं असेल तर आपल्या हातात आकडा हवा. किती होतं आणि किती राहिलं. आज कोळी माणूस भरपाई मागायला गेला की त्याला विचारतात, तुमचं किती नुकसान झालं ते दाखवा. तो म्हणतो, पूर्वी होडी भरून यायची. ते खरं असतं, पण ते कागदावर बसत नाही. दहा वर्षं नीट लिहिलेली वही कागदावर बसते. आणि वही लिहायला शिक्क्याची वाट पाहायची गरज नाही. बहुतेक कोळीवाड्यांत मच्छीमार सहकारी संस्था आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे लोक बंदरांवर जाऊन उतरलेल्या मासळीची नोंद घेतातच. अष्टमुडीत हेच दोघं एकत्र बसले. एका होडीला जो खर्च पेलत नाही तो संस्थेला पेलू शकतो, सरकार हात देऊ शकतं. तिसऱ्या, कालवं, चिंबोऱ्या अशा एकाच जातीच्या, हाताने धरायच्या मासळीपासून सुरुवात करता येते.

आणि थांबणं तर कोळ्यांना कुणी शिकवायला नको. १ जून ते ३१ जुलैची बंदी सरकारची, पण नारळी पुनवेला नारळ वाहिल्याशिवाय दर्यात होडी न घालण्याची रीत सरकारच्या कितीतरी आधीची. ३१ जुलैला बंदी उठली तरी पुनवेपर्यंत थांबा, असं म्हणणारे जुने लोक आजही दिवाळ्यात आहेत. त्या थांबण्याचे पैसे त्यांना कधी कुणी दिले नाहीत. जो थांबला त्याची मासळी आणि जो थांबला नाही त्याची, दोन्ही एकाच भावाने विकली जाते. प्रमाणपत्र हा फरक गिऱ्हाइकाला दाखवतं. युरोपातल्या त्या शांत माणसाला दिवाळ्याच्या मावशी कधी दिसणार नाहीत, त्यांचा शब्द त्याच्यापर्यंत पोचणार नाही. तो शब्द पोचवायला कागद लागतो.

पुढच्या रविवारी मी बाजारात गेले तेव्हा पर्समध्ये मुलीची कंपासपेटीतली पट्टी होती. मावशींना तिसऱ्या मोजल्याचं सांगितलं, सरकारने ठरवलेली मापं सांगितली. त्यांनी पट्टी घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"ह्ये बर्फात राहनार नाय. मला दिसत बी नाय बारीक."

मग मासे कापायचा लाकडी पाट पुढे ओढला. "पापलेट किती म्हनलीस?"

मी पट्टी पाटाच्या कडेला धरली. साडेतेरावर बोट ठेवलं. मावशींनी कोयत्याच्या टोकाने तिथे एक खाच पाडली. मग बोंबलासाठी दुसरी, अठरावर. लाकूड जुनं, भिजून काळं पडलेलं, खाचेत आतलं पांढरं लाकूड दिसत होतं. शेजारची मासेवाली वाकून पाहत होती. तिने विचारलं, "कसली गं खूण?" मावशी म्हणाल्या, "लेकरांची."

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्याकडे पापलेटच नव्हतं. धक्क्यावर त्यांनी बोलीच्या आधी खोका खालपर्यंत दाखवायला सांगितलं होतं. दलालाने दाखवला नाही. त्यांनी घेतला नाही. हे त्यांनी बोंबील निवडता निवडता सांगितलं, एकेक बोंबील पाटावर लांब करत, दुसऱ्या खाचेच्या पुढे जातो का ते पाहत.

"अर्धा किलो देऊ का बाय?"

मी एक किलो घेतले.